सरांच्या पायाखालचा ब्रेक

मित्रांनो, मी ब्रेक आहे. जुना आहे, आणि मुख्य म्हणजे दुसरा आहे. पहिला ब्रेक गाडी चालवणाऱ्याच्या पायाशी असतो. त्याला कारखान्याने जन्म दिलेला असतो आणि गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तकात त्याचं चित्रसुद्धा असतं. मी मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत डाव्या बाजूला, शिकवणाऱ्या सरांच्या पायाशी असतो. माझं चित्र कुठेही नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी साकीनाक्याच्या एका गाळ्यात माणिक मेकॅनिकने मला घडवलं. पट्टी एका भंगार टेम्पोची, वरचं रबर एका मोपेडचं. माझ्यापासून एक जाड तार निघते आणि पहिल्या ब्रेकला जाऊन मिळते. सरांनी मला दाबलं की तार ओढली जाते आणि पहिला ब्रेक आपोआप खाली जातो. एवढंच माझं शरीरशास्त्र. विद्याधर सरांनी तेव्हापासून तीन गाड्या बदलल्या, पण मला दर वेळी जुन्या गाडीतून उपटून नव्या गाडीत बसवलं.

विद्याधर सर मुलुंडचे. अत्यंत सज्जन माणूस, आणि सगळा घोळ तिथेच आहे. त्यांना कोणाला दुखवता येत नाही. शिकणाऱ्याने ब्रेक मारायला उशीर केला की दुसऱ्या स्कूलचे मास्तर ओरडतात. आमचे सर मला हळूच दाबतात, गाडी थांबते, आणि सर शिकणाऱ्याला म्हणतात, "वा! छान थांबवलीत."

शिकणाऱ्याचा पाय पहिल्या ब्रेकवर नुसता टेकलेला असतो. ब्रेक खाली जातो आणि त्याला वाटतं, आपणच दाबला. असे एकवीस दिवस जातात. बाविसाव्या दिवशी तो ड्रायव्हर होतो.

सुरुवातीला मला याचा अभिमान वाटायचा. लायसन्स मिळालं की लोक पेढे घेऊन यायचे आणि म्हणायचे, "सर, एकवीस दिवसांत गाडीला साधा ओरखडा नाही हो!" कसा असेल? मी होतो ना! मग एके दिवशी माझ्या ध्यानात आलं की या सगळ्यांच्या घरी गाडी आहे आणि त्यातल्या एकाही गाडीत मी नाही. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत अशी शेकडो माणसं मोकळी सोडलेली होती. मित्रांनो, त्या दिवसापासून माझी झोप उडाली. ओरडून सांगावं म्हटलं, तर मला आवाज एकच, दाबल्यावर येणारा कर्र. तोही सरांनी तेल घालून बंद केला.

गेल्या वर्षी वनमालाबाई शिकायला आल्या. भांडुपला राहणाऱ्या, मूळच्या मालवणकडच्या, वय त्रेपन्न. त्यांचे यजमान गुणाजी यांना अर्धांगवायूचा झटका आला होता आणि डावी बाजू गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिले सहा महिने व्यायाम चुकवू नका, जे परत यायचं ते बहुतेक याच काळात येतं. व्यायामाचं केंद्र घाटकोपरला, आठवड्यातून तीन दिवस. रिक्षावाले व्हीलचेअर बघून लांबूनच मान हलवायचे. गुणाजींची जुनी छोटी गाडी इमारतीखाली धूळ खात उभी होती. ती चालवायला घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून बाई शिकल्या. एकदाही स्वतः ब्रेक न दाबता शिकल्या. परीक्षेच्या दिवशीही सर शेजारी होते, म्हणजे मीही होतो. त्याबद्दल मी अधिक बोलत नाही.

महिन्याभराने त्या परत आल्या. सर गाडी पुसत होते.

"सर, तुम्ही ब्रेकचं काम कुठल्या गॅरेजमध्ये करता?"

"का हो?"

"आमच्या गाडीचा ब्रेक लागतच नाय. दगड आहे नुसता. तुमचा कसा, पाय ठेवला की लोण्यासारखा खाली जातो. तीन मेकॅनिक झाले. एकाने पॅड बदलले, दुसऱ्याने तेल बदललं. तिसरा मेला म्हणतो, बाई, ब्रेक चांगला आहे. मग गेटवरची खुर्ची काय मी मोडली?"

"कोणाची खुर्ची?"

"आमच्या वॉचमनची, काशीरामची. तो चहाला गेला होता म्हणून वाचला." बाईंनी पदराने मान पुसली. "आणि तीन आठवड्यांमागे उतारावर टँकरचं पाणी सांडलेलं. म्हटलं, हा ब्रेक असा ऐकायचा नाय. जीव खाऊन उभीच राहिले त्याच्यावर. तर गाडी शेवाळावरून जावी तशी सरळ सुटली. समोर बसस्टॉप. माणसं उड्या मारून बाजूला झाली. हे शेजारी बसलेले, एकच पाय चालतो, त्याने नुसती जमीन दाबतायत. त्या दिवसापासून मी यांना गाडीत बसवत नाय. आठ वेळा व्यायाम चुकला, सर. दोन महिने उरलेत. मला तुमचं गॅरेज सांगा."

सर दार पुसत राहिले. मी मनातल्या मनात कर्र कर्र करत होतो. बोला, सर! एकोणीस वर्षांत एकदा तरी बोला!

"वनमालाबाई," सर फडक्याकडे बघत म्हणाले, "तुमच्या गाडीचा ब्रेक चांगला आहे. तुम्ही ब्रेक कधी मारलेलाच नाही. आमच्या गाडीत मी मारत होतो."

त्यांनी डावीकडचं दार उघडून मला दाखवलं. बाई वाकल्या. मित्रांनो, सर आणि माणिक सोडून पहिल्यांदाच कोणी माझ्याकडे नीट बघत होतं, आणि ती नजर काही प्रेमाची नव्हती.

"हा असतो ते म्हायत होतं मला. मला वाटलं, अडीअडचणीला असतो. एकवीस दिवस?"

"एकवीस."

"आणि ते 'छान थांबवलीत, छान थांबवलीत'?"

सरांनी फडकं पिळलं. ते कोरडंच होतं.

"घरी जाऊन यांना सांगायची मी, सर म्हणतात माझा ब्रेक एक नंबर!" बाई रडतील असं मला वाटलं. त्या रडल्या नाहीत. "चला. बसा गाडीत. आता खरं शिकवा."

भांडुपलाच एका बंद पडलेल्या कारखान्याचं मोकळं सिमेंटचं आवार होतं. परवानगी काढून सर त्यांना तिथे घेऊन गेले. कोरड्या जमिनीवर त्या दोन दिवसांत ब्रेक दाबायला शिकल्या. मग सरांनी पाइपने पाणी सोडलं, त्यात कपडे धुण्याची पावडर टाकली आणि त्या ओल्या पट्ट्याच्या शेवटी रिकामी पिंपं उभी केली.

"ओल्यावर ब्रेक जोरात दाबला की चाकं जाम होतात," सर म्हणाले. "जाम झालेलं चाक नुसतं घसरतं, आणि तुम्ही स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी ऐकत नाही. तेव्हा पाय काढायचा. चाकं फिरू द्यायची. जिकडे जायचंय तिकडे बघायचं, स्टिअरिंगही तिकडेच. मग परत ब्रेक, पण हळू."

"म्हणजे थांबायचं असेल तर ब्रेक सोडायचा? डोकं ठिकाणावर आहे ना, सर?"

नव्या गाड्यांत ही काळजी यंत्र घेतं म्हणतात. आमची गाडी आणि बाईंची गाडी, दोन्ही त्याच्या आधीच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी सगळी पिंपं पाडली. उचलून लावली, परत पाडली. बाई पाय काढायच्या, तरी गाडी घसरतच जायची. सर चक्रावले. मला मात्र कारण कळलं, आणि कळलं तेव्हा माझं लोखंड गार पडलं. गाडी घसरली की सरांचा पाय सवयीने माझ्यावर यायचा. बाईंनी ब्रेक सोडला तरी मी तो दाबून ठेवलेला असायचा. एवढी वर्षं मी स्वतःला माणसं वाचवणारा समजत होतो. त्या फेसात मीच चाकं धरून बसलो होतो.

बाईंनाही ते दिसलं. "सर, तुमचा पाय."

"सवय आहे हो."

"मग हा काढून टाका."

दुसऱ्या दिवशी माणिक आला. त्याने माझी तार सोडवली आणि म्हणाला, "सर, हे चालत नाय हां. शिकणारा गाडीत, आणि तुमच्याकडे ब्रेक नाय? वाट लागेल."

"आवारातच आहोत. रस्त्यावर जायच्या आधी परत लाव," सर म्हणाले.

गाडी सुटली. ताशी चाळीस. मी खिळखिळा होऊन लोंबत होतो. फेस आला, बाई घाबरल्या आणि त्यांनी ब्रेक दाबला. चाकं जाम. गाडी तिरकी झाली आणि पिंपांच्याही बाजूने निघाली थेट भिंतीकडे. सरांचा बूट माझ्यावर आदळला. मी तळाला टेकलो. परत आदळला, परत टेकलो. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. काही नाही. मित्रांनो, आपण असून नसणं म्हणजे काय, ते मला त्या तीन सेकंदांत कळलं.

आणि सर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "पाय काढा! भिंतीकडे बघू नका! गेटकडे बघा, गेटकडे!"

बाईंचा पाय पहिल्या ब्रेकवर रोवलेला होता. समोर भिंत येत असताना ब्रेकवरचा पाय उचलायला किती बळ लागतं, हे ब्रेकलाच विचारा. तो उचलला गेला. चाकं फिरली. गाडीने मान वळवली, भिंत खिडकीजवळून मागे गेली. मग पाय परत टेकला, हळू, अगदी हळू, आणि गाडी थांबली.

बाईंनी इंजिन बंद केलं.

"कोणी थांबवली?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही."

"नक्की? का परत आपलं...?"

"ही तार बघा. सुटलेली आहे."

बाईंनी वाकून तार बघितली, हाताने ओढून बघितली, आणि मग सीटवर मागे टेकून डोळे मिटले. "परत," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी आणि पुढचे चार दिवस, परत, परत, परत. पुढच्या सोमवारपासून त्या गुणाजींना घाटकोपरला नेऊ लागल्या. उरलेल्या दिवसांतला एकही व्यायाम चुकला नाही. गुणाजींच्या डाव्या हाताची दोन बोटं हलतात, असं त्यांनी येऊन सांगितलं. चुकलेल्या दिवसांत आणखी किती हलली असती, ते कोणी विचारलं नाही. सरांनी तर मुळीच नाही.

माझी तार परत जोडली गेली. सकाळच्या बॅचला यज्ञेश नावाचा एक तरुण होता. सिग्नलला त्याने उशीर केला आणि सरांनी मला दाबलं. मी कान टवकारले.

"ही गाडी मी थांबवली," सर म्हणाले. "तुम्ही नाही."

"काय सर, सकाळी सकाळी!" यज्ञेश म्हणाला. दोन दिवसांनी त्याने दुसरं स्कूल धरलं. तिथले मास्तर त्याला छान म्हणतात. त्याच्यामागून आणखी काही गेले. संध्याकाळची बॅच आता रिकामी असते. त्या वेळात सर जुन्या वह्या काढून जुन्या विद्यार्थ्यांना फोन करतात आणि म्हणतात, एकदा परत या, तुमचं ब्रेकचं राहून गेलंय. बहुतेक जण म्हणतात, "सर, मी मस्त चालवतो," आणि फोन ठेवतात. काही जण गाडी चालवता चालवताच बोलतात.

मित्रांनो, मला तेल घाला, मला पुसा, असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरी गाडी असेल तर डावीकडचं दार उघडून खाली बघा. तिथे पायपुसणं असेल, एखादी चप्पल असेल. मी नसेन. मग आईला, बाबांना, ताईला, जे कोणी चालवत असेल त्यांना विचारा, शिकताना गाडी कोण थांबवत होतं? उत्तर लगेच आलं नाही, तर हसू नका. त्यांना हाताला धरून शिकवणाऱ्याकडे परत न्या. ब्रेकने कोणाला घाई करा म्हणू नये, हे मला माहीत आहे. तरी म्हणतो, घाई करा.