चावी कुणाच्या खिशात होती?

मी एक जुना सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. मित्रांनो, तुमच्या घरच्या कुकरच्या शिट्टीचा मला थोरला चुलतभाऊ समजा. ती स्वयंपाकघर सांभाळते, मी तेलशुद्धीकरण कारखान्यातली दुमजली टाकी सांभाळायचो. अंगात जाडजूड स्प्रिंग आणि स्वभाव तापट. माझ्या पाटीवर 'अठरा' हा आकडा ठोकलेला आहे. टाकीतला दाब अठरा किलोला पोचला की मी किंचाळायचं, जादा वायू बाहेर सोडायचा आणि दाब उतरला की गप्प बसायचं. अकरा वर्षं मी हे काम चोख केलं.

माझी देखभाल करणारा ऑपरेटर भारी बोलका होता. फडक्याने पाटी पुसताना विचारायचा, "काय पैलवान, घसा बरा आहे ना?" माझं कौतुक करणारा तो एकटाच.

मग कुठेतरी दूर लढाई जुंपली, तेलाची जहाजं अडकली आणि जगाच्या बाजारात भाव भडकला. कारखान्याच्या साहेबांना चेव चढला. जितका माल निघेल तितका त्यांना थोडाच वाटे. त्यांनी दाब वाढवत नेला आणि मी दिवसातून चारचारदा किंचाळू लागलो. मी उघडलो की जादा वायू चिमणीच्या टोकाला जळून जायचा, काम मंदावायचं. एके सकाळी साहेब दातओठ खात शिडी चढून आले. माझ्या खालच्या पाइपवर एक हातचाक होतं. ते आवळलं की माझा टाकीशी संबंधच तुटायचा. ऑपरेटर आडवा आला.

"साहेब, ओरडू द्या त्याला. तो ओरडतोय म्हणून आपण जिवंत आहोत."

"भाव उतरला की ओरडू दे हवं तेवढं. हो बाजूला!"

साहेबांनी त्याला छातीवर ढकललं, चाक स्वतः आवळलं, साखळी घालून कुलूप लावलं आणि चावी खिशात टाकली. माझा गळाच दाबला म्हणा ना.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी दाबाचा काटा अठरा ओलांडून एकवीसवर गेला. माझ्यापर्यंत वायूचा एक श्वासही पोचेना. ऑपरेटर मोठा पाना घेऊन धावत वर आला आणि साखळीवर घाव घालू लागला. तळहात सोलले, पाना रक्ताने बुळबुळीत झाला, पण कडी तुटेना. "पळा रे! खाली कुणी थांबू नका!" तो ओरडला. स्वतः मात्र पळाला नाही. मग टाकीचं पोट फाटलं. मी भिरकावला जाऊन वाळूच्या ढिगात पडलो. तिथून मी पाच माणसं जळताना पाहिली. एक जण पेटल्या कपड्यांनी भिंतीवर आपटत राहिला, पार खाली कोसळेपर्यंत. सहावा ऑपरेटर; त्याचा फक्त पाना सापडला.

चौकशीत खापर आम्हा दोघांवर फुटलं. व्हॉल्व्ह अडकला आणि ऑपरेटर झोपला होता, असं कागदावर आलं. साखळी भंगारात गेली. मला तळपाय असते तर त्यांची आग मस्तकात गेली असती!

साहेब वर चढत गेले आणि शेवटी एका प्रशिक्षण संस्थेचे प्रमुख झाले; अपघाताचा नमुना म्हणून मलाही त्यांनी तिथे नेलं. देशोदेशीच्या तेल कंपन्यांचे व्यवस्थापक तिथे या धंद्याचं अर्थकारण शिकायला येत. विहिरीपासून जहाजाच्या भाड्यापर्यंत सगळं साहेब शिकवत आणि खरं सांगतो, उत्तम शिकवत. शेवटच्या दिवशी खेळ असे. चार गट, चार कागदी कारखाने आणि दर अर्ध्या तासाला फळ्यावर नवा भाव. दुरुस्तीसाठी कारखाना थांबवणारा गट मागे पडे. खेळ संपला की साहेब मला टेबलावर आपटून म्हणत, "हा बघा. एक अडकलेला व्हॉल्व्ह, एक झोपाळू ऑपरेटर. सहा मेले!" सगळे ते वहीत लिहून घेत. एरवी मी कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असे. शिपाई दर शनिवारी तेलाचं बोट फिरवायचा, म्हणून गंजलो नाही. अशी स्फोटानंतरची वीस वर्षं गेली.

एका वर्षी भाव सर्वांत चढा असताना एका तरुण व्यवस्थापक बाईच्या गटाने कारखाना थांबवला. अर्थात तो गट शेवटचा आला. सगळा वर्ग हसला. "बाई, हा धंदा आहे, धर्मशाळा नाही," असं म्हणत साहेबांनी मला आपटलं आणि नेहमीची गोष्ट सुरू केली.

ती उठली. "सर, तो ऑपरेटर म्हणजे माझे बाबा. त्या सकाळी डबा घेताना ते आईला म्हणाले होते, 'साहेबांनी साखळी घातलीय, चावी त्यांच्याच खिशात आहे.' मी नऊ वर्षांची होते. आम्हाला कुणी काही विचारलंच नाही."

तिने मला उचललं आणि शेजारच्या वर्कशॉपमधल्या दाबचाचणीच्या यंत्रावर चढवलं. सगळा वर्ग मागोमाग आला. मित्रांनो, मी घाबरलो. वीस वर्षांत मी तोंड उघडलं नव्हतं. आज चुकलो असतो तर तिचे बाबा कायमचे झोपाळू ठरले असते. पंधरा. सोळा. सतरा. अठराला काटा टेकला आणि मी असा किंचाळलो, की पोटातली जुनी काजळी साहेबांच्या शर्टावर उडाली.

साहेबांनी तिथला पाना उचलला. पहिल्या घावाने माझं डोकं वाकलं. दुसरा घाव येताना तिने माझ्यावर हात धरला. मनगटाचं हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. तिसऱ्या घावाआधी चौघांनी साहेबांना फरशीवर दाबून धरलं.

"सर, चावी कुणाच्या खिशात होती?" मोडका हात पोटाशी धरून तिने विचारलं.

"तेव्हा भाव काय होता माहीत आहे का तुला?" फरशीवरून साहेब ओरडले. "भाव काय होता!"

त्यानंतर कुणी काही लिहून घेतलं नाही. चौकशी पुन्हा झाली आणि तिच्या बाबांवरचा डाग पुसला गेला.

आता तो वर्ग ती शिकवते. तिचं मनगट नीट वळत नाही आणि माझं डोकं वाकडं आहे, त्यामुळे आमचं छान जमतं. मित्रांनो, माझं एवढंच ऐका. कुणी किंचाळलं तर का किंचाळतंय ते आधी बघा, त्याचा गळा आवळू नका. ती खेळाआधी सगळ्या व्यवस्थापकांना खिसे रिकामे करायला लावते. माझ्याशेजारी चाव्यांचा ढीग पडतो, आणि मगच ती फळ्यावर पहिला भाव लिहिते.