म्हाताऱ्याचं नाक

पिंगपाँगचा चेंडू तिने मधोमध कापला, दोन्ही वाट्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर लावून पाहिल्या आणि आतून आणखी खरवडल्या. डोळे झाले. मग साच्यावरून कागदी नाक सोडवलं. आत नुसती हवा.

म्हातारा ही तिच्या आणि नवऱ्याच्या खेळातली मुख्य हातबाहुली. पूर्वी त्याचं नाक लाकडी होतं, चांगलं मूठभर, आणि डोळे काचेचे. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या उजव्या हाताने दगा दिला. खेळ बंद करा, असं डॉक्टरांनी बजावल्यावर तीन दिवस तो कुणाशी एक शब्दही बोलला नव्हता. खेळ सुटला तर हा माणूस हातचा जाईल, हे तिला तेव्हाच कळलं. तेव्हापासून ती ताकास तूर न लागू देता म्हाताऱ्याचं वजन उतरवत होती. आधी लाकडाच्या जागी लगदा, मग लगद्याच्या जागी कागद, आता तर कागदाचेही दोनच पदर. रंग तोच, चामखीळही तीच.

"हात सुधारतोय बरं का माझा," खेळ संपला की तो म्हणायचा.

"मग! रोज तेल चोळते ते काय उगीच?"

तेल लावून घेताना मूठ मात्र तो घट्ट मिटून ठेवायचा. उघडा म्हटलं की म्हणायचा, "खजिना आहे आत."

आज संध्याकाळी खेळ होता. नवरा आतल्या खोलीत पडला होता. डोळे सारखे बसलेत का बघावं म्हणून तिने म्हातारा स्वतःच्या हातावर चढवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. तोंडं घडवायची तिने आणि नाचवायची त्याने, अशी त्यांची वाटणी होती.

म्हाताऱ्याने मान मागे टाकली आणि तो छताकडे बघत बसला.

तिने मान सरळ केली. पुन्हा मागे. डोक्याला पुढे ओढून धरणारं नाकच उरलं नव्हतं. शेवटी तिने तर्जनी आकड्यासारखी वाकवून मान दाबून धरली, तेव्हा कुठे तो समोर बघू लागला. दोन मिनिटांत तिचं बोट ठणकायला लागलं. खेळ तासाभराचा असायचा. आणि दोन वर्षांत म्हाताऱ्याने एकदाही छताकडे पाहिलं नव्हतं.

तिने म्हातारा हातावरून उतरवला. मग डब्यातून जुनं लाकडी नाक काढलं, त्याचा हरभऱ्याएवढा तुकडा कापला आणि कागदी नाकाच्या शेंड्यात आतून चिकटवला.

संध्याकाळी पडद्यामागे त्याने म्हातारा चढवला. मान आपसूक पुढे झुकली. तो थबकला.

"नाकात काय घातलंस गं?"

"काही नाही. हलकंच आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "हलकंच आहे."

खेळ छान झाला. त्याने बाहुली उतरवल्यावर तिने तेलाची बाटली घेतली आणि त्याची मिटलेली मूठ मांडीवर ठेवली.

"उघडा."

या वेळी त्याने चेष्टा केली नाही. चार बोटं हळूहळू सरळ झाली. तर्जनी आकड्यासारखी वाकलेलीच राहिली.