सहा पौंडांचा ओढा

माझ्या भावाने, कमलाकांतने, ज्याला मी भाई म्हणते, परळच्या एका बंद रंगशाळेमागच्या शेडमध्ये पाच वर्षं खपून एकट्याने बसायचं विमान बांधलं. लाकडाचा सांगाडा, त्यावर कापड, पुढे युद्धातल्या मोडीतून मिळालेलं इंजिन. इंजिन नकाशात धरलं होतं त्यापेक्षा बावीस पौंडांनी जड निघालं आणि तिथूनच पुढची अडचण सुरू झाली.

उडालं मात्र ते पहिल्याच प्रयत्नात. जुहूला फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षक जगदीश यांनी ते वर नेलं, दोन फेऱ्या मारल्या आणि उतरल्यावर उजवं मनगट चोळत म्हणाले, "सरळ जातं, वळतं, सगळं ठीक. पण नाक सारखं खाली जातं रे. सुकाणूची काठी पूर्ण वेळ पोटाकडे ओढून धरावी लागते."

"किती जोर लागतो?" मी विचारलं.

"बाजारातली भरलेली पिशवी एका हाताने धरा आणि खाली ठेवू नका."

मी शिकवत होते त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतला ताणकाटा मी आणला होता. पुढच्या फेरीत त्यांनी तो काठीला अडकवून आकडा वाचला: सहा पौंड.

सहा पौंड म्हणजे काही फार नाही. पण दोन वर्षांपूर्वी संयुक्त महाराष्ट्राच्या एका सभेहून परतताना पळापळीत भाई पडला होता आणि त्याच्या उजव्या खांद्याचं हाड नीट जुळलं नव्हतं. डावा हात इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या दांड्याकडे सारखा लागायचा. उजव्या हाताने सहा पौंड त्याला चार मिनिटं धरता येत. मी घड्याळ लावून पाहिलं होतं. परवाना त्याच्याकडे होता, विमान त्याचं होतं, आणि त्यात बसायचं मात्र दुसऱ्याने, अशी वेळ आली होती.

जगदीश स्पष्ट बोलणारे. "हा ओढा घालव. पुढच्या रविवारी मी एकदा वर नेऊन बघतो. नीट असेल तर तू ने. नसेल तर तू खालून बघ. महिनाअखेर मी नागपूरला चाललो आणि माझ्या जागी येणारा माणूस घरी बांधलेल्या विमानाकडे ढुंकूनही बघणार नाही."

मोठ्या विमानांना यासाठी शेपटाच्या फळीला आणखी एक छोटी फळी लावतात. तेवढं करायचं तर शेपटाचं कापड फाडून नव्याने चढवावं लागलं असतं, आणि आमच्याकडे सहा दिवस होते. मी सोपा मार्ग काढला. काठीच्या बुडाशी दोन बाजूंना दोन स्प्रिंगा, एक जाड, एक बारीक. जाड स्प्रिंगने काठी बसणाऱ्याकडे ओढायची. म्हणजे हाताचं काम ती करील. सीटशेजारच्या लहान दांड्याने तिचा ताण कमी-जास्त करता यावा. कागदावर सगळं जमलं.

हे बसवणार होते दत्ताराम. लालबागला राहायचे, गिरणीच्या साचेखात्यात फिटर. सगळं गिरणगाव विणायच्या मागाला साचा म्हणतं, आणि दत्तारामांनी बावीस वर्षं साचेच दुरुस्त केले होते. भाईची आणि त्यांची ओळख शेडच्या दारात झाली होती, "ह्या उडतला?" असं विचारत ते आत आले आणि मग येतच राहिले. सीटशेजारचा दांडा ठेवू तिथेच राहावा म्हणून त्याच्या बुडाशी कातड्याची चकती घालायची कल्पना त्यांचीच. स्प्रिंगाही त्यांनीच शोधून दिल्या.

गुरुवारी मी त्यांच्यासाठी चिठ्ठी लिहून शेडमध्ये ठेवली: 'जाड स्प्रिंग मागे, बारीक पुढे.' आणि खोताच्या वाडीत घरी आले.

शुक्रवारी संयुक्त महाराष्ट्र समितीचा हरताळ होता. गिरण्या बंद, ट्रॅम बंद, गिरगावातली सगळी दुकानं बंद. दुपारी बाराच्या सुमाराला दारात दत्ताराम उभे. परळहून चालत आले होते. चपला धुळीने पांढऱ्या झालेल्या.

"अहो, काय झालं?" मी घाबरले.

"काय नाय. स्प्रिंगो बसवलंय. बाय, एक इचारूचा होता."

आतून भाई ओरडला, "बसवल्यात ना? मग झालं तर! या, चहा घ्या."

"कमलाकांतानु, तुम्ही वायच गप रवा. माका बायक इचारूचा आसा." त्यांनी खिशातून माझी चिठ्ठी काढली. "ह्यां पुढे म्हंजे खंयचां पुढे?"

मला जरा रागच आला. "पुढे म्हणजे पुढे, दत्ताराम. त्यात काय विचारायचं?"

"आमच्यात साच्याचां पुढे म्हंजे साचेवालो उभो रवता ती बाजू. कापड भायर येता ती. मागे म्हंजे पलीकडे, सुताकडे."

चिठ्ठी त्यांच्या हातातून घेऊन मी पुन्हा वाचली: मी 'मागे' लिहिलं होतं ते शेपटाकडे, म्हणजे सीटच्या बाजूला, या अर्थाने.

माणूस असतो ती बाजू पुढची. माणसापासून लांबची ती मागची. साचा जागेवर उभा असतो, माणूस त्याच्याकडे तोंड करून असतो. तिथे हे अगदी बरोबर आहे. म्हणजे दत्तारामांच्या हिशेबी काठीच्या पुढे याचा अर्थ सीटची बाजू. जाड स्प्रिंग त्यांनी 'मागे', म्हणजे इंजिनाच्या बाजूला बसवली होती.

"तुम्हाला शंका कशी आली?" मी विचारलं.

"आमी साचो दुरुस्त केलो की साचेवाल्याक देवच्या आधी एक फेरो हातान फिरवतंव. म्हनान मी सीटवर बसलंय, काठी ओढून बघितलंय. आधी एका बोटान येत होती, आता चार बोटां लागतत. म्हटलां, बायन सोपा करूक सांगलेला, ह्या तर कठीण झाला."

भाई बाहेर आला होता. "अरे, दोन स्प्रिंगा लावल्या म्हणजे काठी थोडी घट्ट होणारच, असं मी म्हटलं असतं," तो हळूच म्हणाला.

मीही तेच म्हटलं असतं. ताणकाटा मी कॉलेजात परत केला होता. जमिनीवर उभ्या विमानात शेपटाची फळी आपल्या वजनाने लोंबते आणि काठी तशीही इंजिनाकडेच कललेली असते. नुसतं बघून काही कळलं नसतं. रविवारी जगदीश वर गेले असते, त्यांना सहाच्या जागी बारा पौंड लागले असते, आणि उतरून त्यांनी भाईला खालून बघायला सांगितलं असतं. कायमचं.

"चूक माझी आहे," मी म्हणाले.

"चूक नाय ओ. तुमचो साचो वेगळो."

"मृणाल, त्या चिठ्ठीला व्याकरणाचे किती मार्क देशील?" भाईने टोमणा मारला. मी शून्य म्हटलं आणि वहाणा घातल्या.

आम्ही तिघं चालत परळला गेलो. वाटेत एकाही दुकानाची फळी उघडी नव्हती. नाक्यानाक्यावर माणसांचे घोळके उभे होते. दत्ताराम सव्वा तास चालून आले होते आणि तेवढंच परत चालत होते, एका शब्दाचा अर्थ विचारण्यासाठी. ते मला मूर्ख समजले असते तरी चाललं असतं. त्यांनी मला फक्त विचारलं.

स्प्रिंगांची अदलाबदल करायला वीस मिनिटं लागली. मग मी पेन्सिलीने आतल्या लाकडावर एका बाजूला लिहिलं 'इंजिनाकडे' आणि दुसऱ्या बाजूला 'माणसाकडे'. शनिवारी कॉलेजातून ताणकाटा पुन्हा मागून आणला. दांडा अर्ध्यावर सरकवल्यावर काठी माणसाकडे सहा पौंडांनी ओढली जात होती. दत्तारामांनी सीटवर बसून पुन्हा एकदा सगळं हातानं फिरवून बघितलं, आणि या वेळी मीही बघितलं. पुढे प्रयोगशाळेत मुलींना सूचना लिहून देताना मी पुढे-मागे, डावं-उजवं हे शब्द टाळत आले. कशाकडे, ते लिहावं.

रविवारी सकाळी पंख काढलेलं विमान लॉरीतून जुहूला नेलं आणि तिथे जोडलं. जगदीश दहा मिनिटं वर होते. उतरल्यावर ते मनगट चोळत नव्हते.

"ने," ते भाईला म्हणाले. "मी नुसता बसलो होतो."

भाई चाळीस मिनिटं वर होता. पहिली चार मिनिटं मी घड्याळाकडे बघत होते, नंतर घड्याळ पदरात झाकून टाकलं. विमान समुद्रावर गेलं, वळलं, वर्सोव्याच्या बाजूने परत आलं आणि गवतावर एक उडी मारून टेकलं.

भाई उतरला तो खिशात हात घालूनच. त्याने संत्र्याची सालं बाहेर काढली, आणि मग अर्धं संत्रं.

"वर सोललं," तो म्हणाला. "दोन्ही हातांनी." ते अर्धं संत्रं त्याने दत्तारामांच्या हातावर ठेवलं.

दत्तारामांनी ते उलटंपालटं करून बघितलं. "बियो खंय टाकलास?"

त्यांनी भाईला अरेतुरे केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"समुद्रात."

"बरां केलस. कोनाच्या डोक्यार नाय पडल्यो," म्हणत त्यांनी संत्र्याच्या फोडी सुट्या केल्या आणि पहिली माझ्यापुढे धरली. चांगलंच आंबट होतं. आम्ही सगळं संपवलं.