आखूड पायाचे स्टूल

मित्रांनो, दवाखान्यात शिरताना दाराशी एक जुने, डुगडुगणारे स्टूल दिसते ना, ते मी. बसा, पण बेताने. माझा एक पाय आखूड आहे.

माझा जन्म काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यातला. खोक्यांच्या उरलेल्या फळ्यांपासून सुतारकाकांनी मला घडवले, तेही दादांसाठी. दादा कामगारांचे नवे पुढारी. आवाज खणखणीत, पण उंची बेताची. फाटकावरच्या सभेत मागच्यांना ते दिसतच नसत. बाटल्या तपासणारी मावशी एकदा म्हणाली, "दादा, तुम्ही बोलताय की कुणी रेडिओ लावलाय?" सगळ्यांत जास्त हसले ते दादाच.

घाईघाईत माझा एक पाय आखूड राहिला. काका तो नीट करणार, तोच भर सभेत एक भट्टीवाला दादांच्या विरोधात तावातावाने बोलू लागला. दादा खाली उतरले, त्याला माझ्यावर चढवले आणि स्वतः उकिडवे बसून माझा पाय धरला. म्हणाले, "बोल. पडू देणार नाही." तेव्हापासून फाटकावर तीच रीत पडली. जो उलट बोलेल, त्याच्यासाठी दादांनी स्टूल धरायचे. काकांनाही त्यांनी सांगून टाकले, पाय आहे तसाच राहू द्या.

मोठा संप झाला. त्यातून भाजलेल्या हातांसाठी फाटकाजवळ हा सरकारी दवाखाना मिळाला. पुढे दादा निवडून आले, मंत्री झाले. मी युनियनच्या खोलीत पाण्याच्या माठाखाली गेले. कुणी माझ्याकडे बघेना. माठ पाझरायचा आणि माझ्या फळ्या फुगायच्या.

मग सरकारने ठरवले, हा दवाखाना बंद करून पुलापलीकडच्या मोठ्या इस्पितळात न्यायचा. दादांनीही मान डोलावली होती. तेच समजावायला ते फाटकावर आले. उंच व्यासपीठ, खुर्च्या, हार. तिकडची यंत्रे, तिकडचे डॉक्टर, सगळे त्यांनी छान सांगितले. कुणी टाळी वाजवली नाही.

मावशीने माठ खाली उतरवला आणि मला आणून व्यासपीठासमोर ठेवले. शिपाई तिला अडवायला धावला. दादांनी त्याला हातानेच थांबवले. मग पायऱ्या उतरून आले, कडक इस्त्रीच्या कपड्यांत धुळीत बसले आणि माझा पाय धरला.

गुडघे सांभाळत मावशी चढली. "दादा, माझा हात भाजला तेव्हा तुम्ही मला उचलून इथवर आणलंत. आता पुलापलीकडं कोण उचलून नेणार?"

ती आणखी बरेच बोलली.  ती उतरल्यावर दादा तिथूनच म्हणाले, "माझं चुकलं. दवाखाना इथून हलणार नाही."

सरकार ऐकेना, तेव्हा दादांनी मंत्रिपद सोडले. त्यावरून गहजब झाला, लोक त्यांच्यामागे उभे राहिले, आणि दवाखाना राहिला. मलाही तेव्हाच त्याच्या दाराशी आणून ठेवले. मंत्रिपद मात्र त्यांना पुन्हा मिळाले नाही.

आता दादा थकलेत. रक्तदाब तपासायला येतात, तेव्हा माझ्यावरच टेकतात.

मित्रांनो, मला पावसात ठेवू नका, माझे खिळे अधूनमधून ठोका. पण आखूड पायाला तुकडा जोडू नका. कुणी तुमच्या विरोधात बोलायला चढले, तर खाली बसून तो धरा.