झऱ्याच्या अलीकडे

"फाटक जसं दिसेल तसंच ठेवायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. का, ते विचारायचं नाही."

पद्माकरकाका हे निहारिकाला पहिल्यांदा सांगत होते, तेव्हा मी दगडी भिंतीला अंग घासत उभी होते. हो, मी इथली एक गाय बोलतेय. रंगाने काळी, कानात पिवळा बिल्ला आणि पोटात पहिलं वासरू.

माझा जन्म खालच्या गोठ्यातला. आमचा मालक डेक्लन, इथला आयरिश शेतकरी. बाकीच्यांची गुरं थंडीत गोठ्यात बसतात, आमचं उलटं. थंडी लागली की डेक्लन आम्हाला या राखीव माळावर सोडतो. सगळा करडा चुनखडीचा खडक, फटीफटींतून गवत. ते राठ गवत आम्ही खाल्लं, की वसंतात तिथे निळी फुलं वर येतात. मग लांबलांबून माणसं येऊन फुलांचे फोटो काढतात. आमचे कोणी काढत नाही. असो.

या खडकावर पाणी ठरत नाही. कितीही पाऊस पडो, खडक पिऊन टाकतो. आमचं पाणी म्हणजे भिंतीपलीकडचा एक झरा. तिथे जायचं लोखंडी फाटक हिवाळाभर सताड उघडं असतं.

आमच्यावर लक्ष ठेवायला गॉलवे शहरातून स्वयंसेवक येतात. पद्माकरकाका त्यांतले जुने. एरवी सॉफ्टवेअरच्या कंपनीत असतात. भिंतीवरून आम्हाला मोजतात, कोणी लंगडत नाही ना ते बघतात, ग्रुपवर 'ऑल ग्रँड', म्हणजे सगळं ठीक, असं टाकतात आणि गाडीतल्या थर्मासकडे वळतात. माणूस वाईट नाही. निहारिका तिथल्या विद्यापीठात शिकते. ती मात्र भिंत ओलांडून आमच्यात येते, डोळे बघते, शेणसुद्धा बघते.

"अगं, गाई मोजायच्यात," काका हसतात, "स्थळं बघायची नाहीयेत!"

मागच्या खेपेला निहारिका नव्हती. काकांबरोबर त्यांची थोरली बहीण आली होती, साताऱ्याहून पाहुणी आलेली अलकनंदाआत्या. निघताना काका पुढे गेले, आत्या मागे रेंगाळली. फाटकाकडे बघून म्हणाली, "काय बाई ही माणसं! दारं उघडी टाकून जातात." आणि फाटक ओढून तिने साखळी अडकवली.

मी हंबरले.

"येते हं, गोमाते," असं म्हणून ती गेली.

त्यानंतर पाऊस आलाच नाही. कोरडी, बोचरी थंडी पडली. मध्ये दुसरे दोन स्वयंसेवक येऊन गेले. त्यांना फाटक बंद दिसलं, त्यांनी बंदच ठेवलं. आमच्यातल्या थोरल्या गाई म्हणाल्या, "माणसांना सगळं कळतं. तू गप चर." कसलं कळतं? जीभ टाळ्याला चिकटली होती. पोटातलं वासरू हलायचं कमी झालं, तशी मी चरणं सोडलं आणि फाटकाला नाक लावून उभी राहिले.

आज तिघंही आली.

"सगळ्या आहेत. चला," काका म्हणाले.

"थांबा काका. हिची कूस बघा, खपाटीला गेलीय. शेण बघा, गोवरीसारखं सुकलंय. यांना पाणी मिळत नाहीये."

"आयर्लंडमध्ये पाणी नाही? अगं, इथे चार-चार दिवस टॉवेल वाळत नाही!"

"मग डेक्लनला फोन लावा."

"इथे रेंज कुठे आहे? खाली गेल्यावर करू. आणि त्याने काही विचार करूनच फाटक बंद केलं असेल ना? शेतकऱ्याला आपण शिकवायचं नसतं."

"तोवर ही गाभण गाय तहानलेली राहू दे?"

"नियम आहे, निहारिका."

"मागच्या खेपेला फाटक कसं होतं?"

काकांनी कपाळ खाजवलं. "उघडं होतं, बहुतेक."

"बहुतेक! मग बंद कोणी केलं?"

आत्या स्कार्फ सारखा करू लागली. मी तिच्याकडेच बघत होते.

"कोणी का केलं असेना," काकांचा आवाज चढला. "आपण हात लावायचा नाही. इतकी वर्षं येतोय मी इथे."

"मोठ्यांचं ऐकावं गं पोरी," आत्या हळूच म्हणाली.

"नाही आत्या. दरवेळी ऐकूनच तर हे असं झालंय. काका, मी फाटक उघडतेय. ग्रुपवर माझं नाव टाका, डेक्लनला माझा नंबर द्या. चुकलं तर मी निस्तरेन. पण हिला अशी टाकून मी गाडीत बसणार नाही."

तिने साखळी काढली आणि खांदा लावून फाटक ढकललं.

बोलणं आता पुरे करते, पाणी समोर आहे. आत्या जमिनीकडे बघतेय. आणि मला गप चर म्हणणाऱ्या आमच्या थोरल्या गाई माझ्या मागोमाग निघाल्यात.