वरची दाढ

सोलापुरात मी एका बाईचा डोळा घालवला, असं लोक सांगतात. सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांनी मला पाहिलेलंही नाही. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, त्याला काय लागतं? मी दातांचा डॉक्टर. डोळ्याला मी हातसुद्धा लावला नव्हता. झालं ते असं झालं.

१९७४ साल. सात रस्त्याजवळ एका औषधाच्या दुकानावरच्या माडीवर माझा दवाखाना होता. मी मूळचा अकलूजचा, मुंबईत शिकलेला, आणि मुंबईत शिकल्याचा माज अंगात असलेला. दात दुखला की माणूस आधी लवंग धरतो, मग तंबाखूची चिमूट, मग शेजारीण सांगेल ते. सगळे उपाय हरले की तो माझा जिना चढतो आणि खुर्चीत बसल्यावर वर मलाच विचारतो, "काढायलाच पायजे का?"

अरे, मला काय दात काढायची हौस आहे? कीड वरवर असली तर मी ती कोरून दात भरून देत होतो. हिरड्या सुजल्या असल्या तर साफ करून औषध देत होतो. पण कीड पार मुळापर्यंत पोचली, वरचा भाग ढासळून नुसतं खोड उरलं, मुळाशी पू धरायला लागला, किंवा दात इतका हलायला लागला की भाकरीचा तुकडा मोडवेना, तर मग तो दात तोंडात ठेवणं म्हणजे घरात साप पाळणं. आत कोरून मूळ वाचवायची विद्या तेव्हा माझ्याकडे नव्हती, आणि सोलापुरात दुसऱ्या कुणाकडे असल्याचं ऐकलं नव्हतं. असा दात काढायचा आणि वेळेवर काढायचा. हे मी दिवसातून दहा वेळा सांगत होतो, आणि दहाव्या वेळेपर्यंत माझा आवाज चढलेला असे.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात गौरम्मा आली. सव्विसेक वर्षांची, उजवा गाल पदराखाली धरलेली. सोबत नवरा ईश्वरप्पा आणि सासू दानम्मा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ईश्वरप्पाचे चार माग होते. मागावरून उतरलेली चादर उजेडात धरायची आणि तुटलेला धागा, सुटलेली वीण शोधून गाठ मारायची हे काम गौरम्माचं. चार दिवस ती डोकं वर करू शकत नव्हती, म्हणून चादरींचा ढीग पडला होता. ईश्वरप्पा मला हे इतक्या काळजीनं सांगत होता, की काळजी बायकोची की चादरींची ते कळेना. पण आणलं तरी होतं त्यानं.

तोंड उघडून पाहिलं. वरची उजवी दाढ मुळापर्यंत पोखरलेली. चिमट्यानं नुसतं टकटक केलं तर बाई खुर्चीत उडाली. मी म्हणालो, "आजच काढू." ईश्वरप्पानं मान हलवली. गौरम्मानं डोळे मिटून होकार दिला. मी गळ्याभोवती फडकं बांधलं आणि भुलीचं इंजेक्शन भरलं.

तेवढ्यात दानम्मा पुढं आली. इरकली लुगडं, कपाळावर विभूती, ताठ मान. तिनं विचारलं, "वरची हाय का खालची?"

"वरची."

"मग नको. वरच्या दाताची नस डोळ्याला जाती. माझ्या बहिणीची, निंगव्वाची वरची दाढ काढली इंडीला. वरीस झालं न्हाय तर डोळं गेलं दोनी."

हे मी शेकडो वेळा ऐकलं होतं. उत्तर पाठ होतं: दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. माझा कंपाउंडर मडिवाळप्पा अशा वेळी पुढं यायचा, म्हाताऱ्या बायांशी कानडीत पाच मिनिटं बोलायचा, त्यांच्या गावाची, पाहुण्यांची चौकशी करायचा, आणि बाई हळूच म्हणायची, बरं, काढा. त्या दिवशीही त्यानं तोंड उघडलं. मी त्याला हातानंच थांबवलं.

"बहिणीचं वय काय होतं, अम्मा?"

"असंल साठ-पासष्ट."

"मग मोतीबिंदू झाला असेल की. बहिणीचे केसही पांढरे झाले असतील. ते पण काढलेल्या दाढेनंच का?"

बाकावर चार-पाच पेशंट बसले होते. ते हसले. त्यांचं हसू ऐकून मीही हसलो. दानम्मा हसली नाही. तिचा चेहरा असा आवळला, की मला तेव्हाच कळायला हवं होतं. आणि खरं सांगतो, मला कळलंही होतं. पण लोक हसत होते, आणि ते मला गोड लागत होतं.

"सून आमची हाय," ती म्हणाली. "डोळं बी आमच्याच घरचं हाईत. तुमचं काय जातंय हसायला? ऊठ गं."

गौरम्मानं नवऱ्याकडे पाहिलं. ईश्वरप्पा खाली बघत होता. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. अजूनही मी काहीतरी बोलेन, आवाज खाली आणून बोलेन, अशी तिची अपेक्षा असावी. मी म्हणालो, "न्या घरी. पू झाला की मग याल पाय धरायला." तिनं गळ्याचं फडकं सोडलं, नीट घडी केली आणि खुर्चीच्या हातावर ठेवून ती खाली उतरली.

पुढचे दिवस त्यांच्या घरात काय झालं, ते मला नंतर ईश्वरप्पानं सांगितलं. दोन दिवस बाई तळमळली. तिसऱ्या दिवशी दाढेतली कीड झाडणारीला बोलावलं. तिनं निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकल्या, नळीतून धूर दाढेला दिला आणि खाली ठेवलेल्या परातीतल्या पाण्यात बारीक पांढऱ्या किडी दाखवल्या. त्या किडी नसतात, तापून फुटलेल्या बियांतले अंकुर असतात. हे मी सांगायला जावं, तर मी हसणारा डॉक्टर. शिवाय गंमत अशी, की त्यानंतर गौरम्माचं दुखणं खरंच थांबलं. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. दानम्मानं शिवाच्या देवळात नारळ फोडला.

दुखणं थांबलं, कारण दाढेतली नस मेली. मेलेल्या नसेला दुखत नाही. पण खरं संकट तिथूनच सुरू होतं. मुळाशी पू साचत जातो आणि वाट काढतो. खालच्या दाढेचा पू गळ्याकडे उतरतो, वरच्याचा गालातून वर चढतो. गाल पुन्हा सुजला तेव्हा घरच्यांनी गरम विटेचा शेक दिला. शेकानं पू जास्तच पसरला. मग पापणी सुजली. 'वारं लागलं असंल,' म्हणत आणखी दोन दिवस गेले.

अकराव्या दिवशी सकाळी ईश्वरप्पानं आईला न सांगता गौरम्माला टांग्यात घातलं आणि माझ्याकडे आणलं. जिना चढताना तिला त्यानं आणि टांगेवाल्यानं धरलं होतं. अंग तापानं फणफणलेलं. उजवा डोळा सुजून बाहेर आलेला, पापणी उघडत नव्हती. मी बोटांनी पापणी वर केली, टॉर्च धरला.

"उजेड दिसतो का?"

"लाल लाल दिसतंय. जरा जरा."

हे आता माझ्या हातातलं राहिलं नव्हतं. तरी पुवाचं मूळ त्या दाढेत होतं. ती राहिली असती तर पू पुढं मेंदूकडे गेला असता. मी पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं, दाढ काढली. तिच्या पाठोपाठ पुवाची धार आली. तोंडात कापूस कोंबून मी तिच्याबरोबर त्याच टांग्यात बसलो आणि तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जे करता येईल ते सगळं केलं. बाई वाचली. उजव्या डोळ्याचा उजेड मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ण गेला.

आता हिशेब बघा. काल दाढ काढली, आज डोळा गेला. यात सांगायला काय कठीण आहे? दानम्मा मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून कपाळावर हात मारत होती. "मी सांगत हुते की! मी सांगत हुते, वरची दाढ काढू नका म्हणून!" येणारे-जाणारे थांबत होते, ऐकत होते, हळहळत होते. मधले अकरा दिवस कुणालाच ऐकायचे नव्हते.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली तोवर गोष्ट गावभर झाली होती. जत्रेला आलेल्यांनी ती आपापल्या गावी नेली. माझ्याकडे येणारी माणसं आता आधी खालीच, औषधाच्या दुकानात विचारायची, "ह्योच का तो डोळंवाला?" खालची दाढ असली तर वर यायची. वरची असली तर परत. तानाबाई नावाची बाई सुजलेला गाल घेऊन जिन्यावरून उलटी फिरली. मी तिच्यामागं रस्त्यापर्यंत धावलो. ती पळाली. डॉक्टर पेशंटच्या मागं पळतोय, हे पाहून सात रस्त्याला लोक थांबून बघत होते.

शेवटी फेब्रुवारीत एके दुपारी मी सायकल काढली आणि अक्कलकोट रोडला गेलो. मनाशी ठरवलं होतं. हे फिरवू शकेल अशी एकच व्यक्ती आहे, जिचा डोळा गेला ती. तिनं एकदा चार बायकांत सांगितलं, की दाढेनं नाही, उशिरानं डोळा गेला, तर पुढच्या कुणाचा तरी वाचेल. माझं नाव स्वच्छ होईल हेही होतंच. खोटं कशाला बोलू?

शेडमध्ये मागांचा खडखडाट चालू होता. गौरम्मा दाराशी उजेडात बसून चादर तपासत होती. मान पूर्ण उजवीकडे वळवून, चादर नाकाला लावून. मला पाहून उठली, आत गेली, कपभर चहा घेऊन आली. ईश्वरप्पा सुताच्या पेठेत गेला होता. दानम्मा आतल्या खोलीत होती. दार उघडं होतं, पण ती बाहेर आली नाही.

मी बोलायला सुरुवात केली. नस म्हणजे काय, पू कसा चढतो, सगळं. पहिल्यांदाच मी कुणाला हे आवाज न चढवता समजावत होतो. तिनं मला मध्येच थांबवलं.

"मला ठाव हाय, डाक्टर."

"काय?"

"त्याच दिवशी काढली असती तर डोळा ऱ्हायला असता. मोठ्या दवाखान्यात नर्सबाईनं सांगितलंय मला सगळं. आमच्या घरात बी ठाव हाय. अत्तींना बी." अत्ती म्हणजे तिची सासू, दानम्मा.

मला रागच आला. "ठाऊक आहे? आणि तरी तुम्ही गप्प? गावभर माझी छी-थू चाललीय, लोक पू घेऊन घरी बसताहेत! एकदा बोला की!"

तिनं आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कुणाबद्दल बोलू? आपलेच दात, आपलेच ओठ. त्या दिसापासनं अत्ती माझ्यासंगं ताटाला बसत न्हाईत. मी झोपले का बघून येतात, मग जेवतात. मी चार बायकांत बोलले, की लोक म्हणतील सासूनं सुनेचा डोळा घालवला. म्हातारी त्या दिवशीच जीव देईल. मालकांना आई न्हाय आणि बायको अशी. मग ह्या घरात मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

"म्हणून दोष माझ्यावर?"

"व्हय." इतक्या सरळपणे ती म्हणाली, की मी कप खाली ठेवला. "कुणावर तरी पडायचाच की. दाढेवर पडला, तुमच्यावर पडला, तर आमी तिघं एका घरात ऱ्हातो. आणि तुमी काय लई निर्दोष हाय का? अत्तींना वरची-खालची कळत न्हाय. पण चार माणसांत हसलेलं कळतं. त्या दिवशी त्या उठल्या त्या डोळ्याच्या भ्यानं न्हाय उठल्या."

मी म्हणालो, "पण माझा दवाखाना बंद पडेल, गौरम्मा."

"तुमी डाक्टर. हितली पाटी काढाल, दुसऱ्या गावात लावाल. मी कुटं जाऊ?"

आत दानम्मानं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. ती सगळं ऐकत होती. गौरम्मानं माझा अर्धा राहिलेला कप उचलला आणि पुन्हा चादर ओढून घेतली. मी बाहेर आलो, सायकल काढली. उन्हात घरी येईपर्यंत तिला सुनावायला मी पुष्कळ उत्तरं तयार केली. त्यातलं एकही खरं नव्हतं.

पुढच्या वर्षी मी सात रस्त्याची पाटी उतरवली आणि अकलूजला गेलो. तिथं माझं चांगलं चाललं.