काठीवरचे चार हात

वजनकाट्यावरच्या सायलसने हॅलिबट माशाच्या शेपटीत आकडा अडकवला, दोर ओढला आणि धक्क्यावरची बडबड थांबली. काटा हलत हलत दोनशे अडतीस पौंडांवर येऊन थांबला. अलास्काच्या त्या किनाऱ्यावर यंदा एवढा मासा कुणीच आणला नव्हता.

"बोट?"

"सिग्रिड," डॅग्नी म्हणाली. सव्वीस वर्षं ती हौशी गिऱ्हाइकांना मासे धरायला नेत होती, पण दरवर्षीच्या मासेमारी स्पर्धेच्या विजेत्या फलकावर तिच्या बोटीचं नाव एकदाही लागलं नव्हतं. ज्या बोटीचं लागतं, तिच्याकडे पुढच्या उन्हाळ्यात गिऱ्हाइकांची रीघ. डॅग्नीच्या वहीत पुढच्या उन्हाळ्याचं पान अजून कोरंच होतं.

"मासा कोणी धरला?"

"मी! वेंडेल प्रुइट." टेक्सासहून आलेला लाल टोपीवाला छाती काढून पुढे झाला. त्याची बायको लोर्ना मागेच उभी राहिली, सुजलेले तळहात काखेत दाबून.

डॅग्नीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय निलाजरा माणूस! मासा लागला तो लोर्नाच्या गळाला. पाऊण तास ती एकटी झुंजली. मासा पाण्याखाली दिसायला लागला, तशी या बाबाने "तुला नाही जमायचं, दे इकडे," म्हणत तिच्या हातातली गळाची काठी हिसकावली. "अहो, हात लावू नका!" सुकाणूवरून डॅग्नी घसा फाटेस्तोवर ओरडली होती. मासा बोटीत येईपर्यंत काठीला एकाच माणसाचे हात, हा स्पर्धेचा नियम तिने सकाळीच दोघांना वाचून दाखवला होता. मेल्याने नुसता हात आवरला असता, तर आज लोर्नाच जिंकली असती.

सायलसने कागद पुढे केला. "सही कर, डॅग्नी. काठीला दुसऱ्या कुणाचा हात नाही ना लागला?"

वेंडेलने डोळा मारला. "करून टाका, बाई. तुमचंही भलं, माझंही."

डॅग्नीने पेन उघडलं. लोर्नाकडे पाहिलं. पेन बंद केलं.

"लागला. चार हात होते. खोड त्याचं नाव."

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?"

"लागलंय! गळाला लावला तिने, ओढला तिने, आणि तुम्ही वर तोंड करून नाव सांगता? लाज कशी वाटत नाही?"

सायलसने कागद फाडला. मासा बाद झाला.

पण टांगलेल्या माशाशेजारी फोटो न काढता त्या धक्क्यावरून कुणी जात नाही. डॅग्नीने पाटीवर खडूने लिहिलं, 'लोर्ना, २३८'. पाटी लोर्नाच्या हातात दिली, कॅमेरा वेंडेलच्या.

"काढा. तेवढं तरी करा."

वेंडेलने कॅमेरा डोळ्याला लावला. "लोर्ना, बाजूला सरक जरा. मासा झाकला जातोय."

लोर्नाने पाटी छातीशी धरली आणि एक पाऊल पुढे आली.